एक वजा

अंगठ्याला लाल लागलं होतं. फार नाही, कुंकवाच्या काडीचं टोक टेकवावं एवढंच. रात्रीचे दहा वाजून गेलेले, ओटा पुसून झालेला, पदराला हात पुसत मी फिश टँकपाशी आले तर पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर, काचेच्या आतल्या बाजूला एक गोगलगाय चिकटलेली. दिवसभराचा वैताग म्हणा नाहीतर गेल्या दोन महिन्यांचा, मी हात आत घातला आणि तिला अंगठ्यानं तिथंच दाबलं. कट्. हरभऱ्याची डाळ दाढेखाली फुटावी तसा, कानापेक्षा हाडाला जाणवणारा आवाज. तुकडे पाण्यात पडले आणि एरवी झोपाळू दिसणारे सहाच्या सहा निऑन टेट्रा त्यांच्यावर तुटून पडले. शंखाची कड लागून बोट कापलं असं मला वाटलं. नळाखाली धरलं, पुसलं, ट्यूबलाइटखाली नेऊन उलटसुलट बघितलं. कुठं ओरखडाही नव्हता. खुर्चीत बसलेल्या बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वही उघडली आणि विचारलं, "केवढी होती?" मी म्हटलं, मसुराएवढी. त्यांनी त्या तारखेपुढे लिहिलं, '१ वजा'.

रागावले असते तर बरं झालं असतं.

टँक मुळात मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा. दीड फूट लांब, पाणी मावतं तीसएक लिटर. त्याचं कौतुक पंधरा दिवसांत आटोपलं, तसं ते आटोपतंच, आणि टँक माझ्या गळ्यात आला. नुसती खडी आणि प्लास्टिकचा गढीचा दरवाजा बघून मला कसंतरी व्हायचं, म्हणून श्रावणात खऱ्या वनस्पती आणल्या. हायग्रोफिलाची जुडी मंडईतल्या मेथीसारखी रबरबँड लावून मिळते हे तेव्हा कळलं. सोबत जावा मॉसचा गुंता आणि लाकडाला बांधलेलं अनुबियास. "एकदम क्लीन माल आहे ताई," दुकानदार म्हणाला, आणि मी घरी आणून पालेभाजी धुवावी तशी दोन पाण्यांनी धुऊन लावूनही टाकली. एका पानाच्या मागं साबुदाण्याच्या खिरीतला दाणा चपटा करून चिकटवावा तसा पारदर्शक थेंब होता. आत सुईनं टोचल्यासारखे ठिपके. मला तो झाडाचा चीक वाटला. कुतूहल म्हणून बोटानं दाबूनही बघितला, बुळबुळीत लागला, आणि सोडून दिला. बारा-पंधरा दिवसांनी काचेवर मोहरीएवढं काहीतरी सरकताना दिसलं. "आई, फ्री मिळाली!" मुलगा ओरडला. आठवड्यात अशा सतरा फ्री मिळाल्या होत्या.

सतरा हा आकडा बाबांचा. पहिल्या पानावरचा.

आई गेल्यावर बाबा जेलरोडचं घर बंद करून आमच्याकडे इंदिरानगरला आले ते 'थोडे दिवस' म्हणून. त्याला आता दीड वर्ष होईल. टॉवेल अजून बॅगेत घडी घालून ठेवतात, कपाटात रिकामा खण आहे तरी. सगळी नोकरी प्रेसमध्ये. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही. प्रेस म्हणजे एक तर तिकिटांची, नाहीतर १९२८ सालापासून नोटा छापणारी. बाबा नोटांच्या. तिथं चांगला कागद मोजायचाच, पण बिघडलेलाही मोजायचा, आणि नष्ट करतानाही मोजूनच नष्ट करायचा, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले. आकडा जुळेपर्यंत घरी जायचं नाही. त्या सवयीनं आमच्या घरात पोळ्या मोजून व्हायच्या, दिवाळीच्या पणत्या मोजून लागायच्या, आणि आई गेली तेव्हा तेराव्याला किती पानं उठली हेही बाबांनी मला न विचारता सांगितलं होतं. त्या वेळी मला त्याचा राग आला होता.

तर बाबांनी मोजणी सुरू केली. टँकचा दिवा साडेनऊला बंद करायचा, अर्धा तास जाऊ द्यायचा, मग मिठाईच्या खोक्यावरचा लाल जिलेटिनचा कागद टॉर्चला बांधून एका कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजत जायचं. लाल कागद का, तर पांढऱ्या उजेडानं त्या पळतात. गोगलगायी पळतात हे वाक्य ते अजिबात न हसता म्हणाले. मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीत तीन रकाने आखले होते आणि नावंही त्यांनीच ठेवली होती: चकली, थेंब, लवंग. मी नंतर मोबाइलवर शोधून त्यांची खरी नावं सांगितली, रॅम्सहॉर्न, ब्लॅडर स्नेल आणि मलेशियन ट्रम्पेट. त्यांनी ती ऐकून घेतली आणि वहीत चकली, थेंब, लवंगच ठेवलं. मला विचाराल तर बाबांचीच नावं बरी. रॅम्सहॉर्न म्हणजे मेंढ्याचं शिंग. पण ज्यानं सोऱ्यातून चकली पडताना बघितलीय त्याला त्या चपट्या वेटोळ्यात मेंढा दिसणार नाही.

त्या लाल उजेडात मीही बघायला लागले. आधी चिडून, मग नुसतीच. काचेवर हिरवट शेवाळाचा पातळ थर धरला होता आणि त्यावर बारीक नागमोडी रेघा उमटल्या होत्या, कुणी खोडरबरानं खोडत खोडत गेल्यासारख्या. चकली काचेच्या आतून चिकटलेली असली की बाहेरून तिचं तोंड दिसतं. ते उघडतं, आतून कानस फिरावी तसं काहीतरी फिरतं, मिटतं, जरा पुढं जाऊन पुन्हा उघडतं. जिभेवर दातांच्या ओळी असतात म्हणे. पाच मिनिटं बघत राहिलं की आपलाही जबडा हलायला लागतो. आणि तो पाय, म्हणजे सगळं पोटच. 'गोगलगाय अन् पोटात पाय' हे आपण आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो, आत्याला आयुष्यभर म्हणत आलो. पण शास्त्रज्ञांनी या जातीला ठेवलेलं नाव, गॅस्ट्रोपोडा, त्याचाही ग्रीकमध्ये अर्थ पोट-पायच. त्यांनी ते टोमणा म्हणून ठेवलेलं नाही एवढाच फरक.

अंगठ्यावरच्या लालचा उलगडा याच शोधाशोधीत झाला. बहुतेक गोगलगायींचं रक्त निळसर असतं, त्यात तांबं असतं. चकलीचं मात्र तुमच्या-माझ्यासारखं, लोहाचं, हिमोग्लोबिनचं, लाल. म्हणजे ते बोट माझं कापलं नव्हतं, रक्त तिचंच होतं. हे कळल्यावर मी दोन दिवस अंगठा उगाच साबणानं धूत होते. झुरळं मी चपलेनं मारते, डासांवर रॅकेट फिरवताना तो तडतड आवाज मला आवडतोसुद्धा. पण झुरळातून पांढरं निघतं, आणि पांढरं निघालं की आपण सुटतो. याला भूतदया म्हणता येणार नाही. रंग ओळखीचा निघाला, एवढंच.

थेंबाची गोष्ट आणखी मजेची. शास्त्रवाले शंख बघताना टोक वर धरतात. तसा धरला की जवळजवळ सगळ्या शंखांचं तोंड उजवीकडे येतं. या थेंबाचं डावीकडे, आणि एखाद-दुसऱ्याचं नाही, त्यांच्या सबंध कुळाचं. आता पूजेतला दक्षिणावर्ती शंख आठवा, जो पंचवटीतल्या दुकानांमध्ये काचेच्या कपाटात वेगळा ठेवलेला असतो आणि ज्याची किंमत विचारली की दुकानदार आधी आपल्या चपलांकडे बघतो. तोही शास्त्राच्या हिशेबानं डावाच. पूजेत शंख उलटा, निमुळती बाजू वर करून धरतात, म्हणून त्याचं तोंड उजवीकडे दिसतं आणि तो दक्षिणावर्ती ठरतो. लाखांत एखादा सापडतो म्हणून मौल्यवान. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी भिंग आणलं, एक थेंब तळहातावर घेतला, टोक वर, टोक खाली, असं चारदा करून बघितलं. "म्हणजे आज त्रेसष्ट दक्षिणावर्ती आहेत घरात," ते म्हणाले. "आणि तू नवऱ्याच्या पगाराची काळजी करतेस." आई गेल्यापासून बाबांनी केलेला तो पहिला विनोद. मी हसायला लागले आणि हसू भलतीकडेच जायला लागलं म्हणून चहा ठेवायला उठले.

लवंगा दिवसा दिसत नाहीत. वाळूत शिरून बसतात, रात्री वर येतात. नराची गरज नाही, अंडी नाहीत, थेट चालती-फिरती पिल्लं, म्हणजे एक आली की सबंध वंश आला. पहिली लवंग चिमटीत धरली तेव्हा हा आकार मी कुठं बघितलाय हे आठवेना. लांबट, मुळ्यासारखा टोकाकडे निमुळता, अंगावर तपकिरी ठिपके. आठवलं ते भाजी चिरताना. जेलरोडला आमच्या गल्लीत कुणाचं ना कुणाचं बांधकाम चालू असायचं आणि ट्रकनं टाकलेल्या नदीच्या वाळूचा ढीग रस्त्यात असायचा. शाळेतून आलं की त्यावर चढायचं, चाळायचं, शंख-शिंपले शोधायचे. ओली वाळू फ्रॉकमध्ये जायची, आई बाहेरच्या नळाखालीच उभी करायची. सगळ्यांत जास्त सापडायचे ते हेच, पांढरे पडलेले, टोक झिजलेले लांबट शंख. माझ्याकडे बोर्नव्हिटाचा डबा भरून होते. वाळू दारणेची असेल नाहीतर आणखी कुठली. आम्हाला शंख म्हणजे खड्यासारखीच एक वस्तू वाटायची. त्याच्या आत कुणी राहत होतं, त्याला दोन शिंगं होती, ते काळोख पडला की बाहेर निघायचं, हे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हॉलमध्ये कळावं!

इकडे आकडा चढत होता. दसऱ्याला दीडशेच्या पुढं, दिवाळीच्या पाडव्याला २१२. हायग्रोफिलाच्या पानांवर त्या अशा बसायच्या की पान वाकायचं. येणारे-जाणारे आता माशांकडे बघतच नसत. उपाय सांगणारे मात्र भरपूर. तांब्याचं औषध मिळतं, त्यानं गोगलगायी मरतात. पण आमच्याकडे चार चेरी श्रिंप, त्याही मरतात. शिवाय दोनशे गोगलगायी एकदम मेल्या तर तीस लिटर पाण्यात त्या कुजणार, अमोनिया होणार, मासेही जाणार. क्लाउन लोच नावाचा मासा गोगलगायी आवडीनं खातो, पण तो वाढतो फूटभर, आणि आमचा टँकच दीड फुटी. गोगलगायी खाणारी एक मारेकरी गोगलगायही विकत मिळते. बाबा म्हणाले, "आण, पण तिची वही वेगळी." नवीन वनस्पती लावण्याआधी तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायची असते, हे सगळं झाल्यावर कळलं. तुरटीचा खडा बाबांच्या दाढीच्या सामानात होताच, टँकपासून आठ पावलांवर.

शेवटी काकडी. रात्री उकळत्या पाण्यातून काढलेली चकती काट्याला टोचून तळाशी ठेवायची, पहाटे अलगद उचलायची. चकतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोगलगायी. लातूरकडच्या मावसबहिणीला फोनवर हे कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, "तू काकडी घालतेस? आमच्यात बावीस साली सोयाबीनचं रान संपवलं त्यांनी. दुबार पेरणी करावी लागली." त्यांच्या त्या जमिनीवरच्या शंखी गोगलगायी; संध्याकाळी बांधावर ओली गोणपाटं टाकायची, सकाळी उचलून खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात. पद्धत तीच की आमची. फक्त तिच्या चकतीवर वर्षाचं पीक होतं. मी विषय बदलला.

वेचलेल्यांचं करायचं काय हा प्रश्न राहिलाच. पहिली खेप बादलीत घेऊन मी जिन्यात उभी होते तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, "गंगेत सोडून ये की. पुण्य लागेल." नाशिकमध्ये हे उत्तर सगळ्याला आहे. आम्ही गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो, आणि घरात जे ठेवता येत नाही आणि टाकवत नाही ते गंगेला देतो. निर्माल्य, तडकलेल्या देवांच्या तसबिरी, जुनी पोथी. पुरात ती दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत चढते तेव्हा आम्ही पुलावर उभे राहून बघतो, पाणी उतरलं की तेच सगळं काठाला लागलेलं असतं आणि आम्ही नाक दाबून जातो. मला काकूंचं पटलंही होतं अर्धवट. बुधवारी बाजाराला जायचंच होतं. बाबांना सांगितलं तर ते वहीतून मान वर न करता म्हणाले, "नको. तिथं आधीच सोडलंय आपण."

रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणतात. त्या जागेला नावच अस्थिविलय. बाबांनी तिथं काही मोजलं नव्हतं. कलश रिकामा झाल्यावर त्यात पुन्हा पाणी भरून, हलवून, पुन्हा ओतलं होतं, डब्यातलं शेवटचं पीठ काढताना आई करायची तसं.

खरं कारणही होतंच. टँकमधलं बाहेर नदीत सोडू नये. थेंबाचं मूळ घर अमेरिका. हौसेखातर पाळलेले सकरमासे असेच सोडले गेले आणि आता कुठल्या कुठल्या नद्यांत कोळ्यांची जाळी फाडतायत. मग मी पिशवी भरून एका अ‍ॅक्वेरियमवाल्याकडे नेऊन दिली. त्याच्याकडचे पफर मासे त्या कडाकडा फोडून खातात, त्यांचे दात त्यानं झिजतात आणि ते त्यांना लागतंच. त्यानं पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. वहीत 'रवाना, ८४'.

पण काकडी लावून, रवाना करूनही आकडा म्हणावा तसा उतरेना. जिथं वाचावं तिथं एकच उत्तर: गोगलगायी खाण्याइतक्याच होतात. माशांना जास्त घालताय, उरलेलं तळाशी जातंय, त्यावर त्या वाढतायत. मी तर एक दिवसाआड चिमूटभर घालत होते. दिवाळीत आणलेली खाण्याची डबी होळीपर्यंत पुरायला हवी होती. एक दिवस हलवून बघितली तर तळ दिसत होता. "बाबा, तुम्ही घालता का?" "घालतो थोडं." "कधी?" "सकाळी. दुपारी एखाद्या वेळी." पुढं काही बोलले नाहीत. मी वही चाळली. तारीख, चकली, थेंब, लवंग, वजा, रवाना, पाण्याचं तापमान, कुठल्या दिवशी किती पाणी बदललं, सगळं होतं. प्रेसमधल्या माणसाची वही ती. खाण्याचा रकाना तेवढा नव्हता.

मला तेव्हा जे वाटलं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. विसरून दोनदा घालणारा माणूस हा नव्हे. सतरावर सुरू झालेला आकडा उतरत उतरत शून्यावर आला असता तर दहा वाजता वही उघडायची कशाला, हा प्रश्न त्यांना माझ्या आधी पडला असेल. नसेलही. डबी मी वरच्या फळीवर ठेवली, पोळपाटाच्या मागं. दुसऱ्या दिवशी ती जागची जरा सरकलेली वाटली. मी पुन्हा आत ढकलली. त्यावर आमच्यात एक शब्द झाला नाही.

डिसेंबरात थंडी पडली. इथली थंडी सकाळी नळाखाली हात घातला की कळते. टँकचं पाणी अठरावर आलं तेव्हा धावत जाऊन हीटर आणला. आकडा मात्र उतरायला लागला. थंडीनं की डबीनं, सांगता येत नाही. १२०, ९७, ६०. हायग्रोफिलाला नवी, न कुरतडलेली पानं आली. काच कधी नव्हे ती स्वच्छ झाली आणि ती मला जरा रिकामी वाटायला लागली, हेही लिहून टाकते. दादाचा पुण्याहून फोन आला, नातीचं बारसं आहे, बाबांना चार दिवस पाठव. बाबांनी बॅग भरली, म्हणजे टॉवेल वर ठेवला आणि चेन लावली. वही माझ्या हातात दिली. "दहा वाजता. अर्धा तास अंधार. कोपऱ्यापासून."

पहिल्या रात्री मी मोजलं. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री नवऱ्याचा मित्र जेवायला होता, भांडी आवरता आवरता अकरा वाजले, आणि फोन वाजला. आदल्या रात्री ३८ होत्या. मी ओट्याशी उभ्या उभ्याच म्हणाले, "एक्केचाळीस, बाबा." वाढवून का सांगितला, कुणास ठाऊक. पलीकडे जरा वेळ शांतता. दादाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"परत मोज," बाबा म्हणाले. "मी थांबतो."

मी दिवा घालवला. अर्धा तास नाही, पण मनात साठपर्यंत आकडे म्हटले. टॉर्चला जिलेटिन बांधलं, फोन टँकच्या झाकणावर ठेवला. कोपऱ्यापासून सुरुवात. चकल्या अकरा. लवंगा काचेवर सात, वाळूतून अर्ध्या वर आलेल्या दोन. सोंडेसारखी तोंडं इकडे तिकडे करत होत्या. अनुबियासच्या देठाला एक मसुराएवढी चकली, कालच्या मोजणीत होती की नव्हती आठवेना. थेंब पंधरा. मग वर बघितलं तर एक थेंब पाण्याच्या पृष्ठभागाला आतून उलटा लटकून चालला होता, पाय वर, शंख खाली, जणू पाण्यालाही काचेसारखी एक खालची बाजू असते. त्याच्यावर त्याचंच प्रतिबिंब, पायाला पाय लावून, त्याच वेगानं.

"झालं?" फोनमधून आवाज आला.

"बाबा, वर एक उलटी लटकलीय. तिचं पाण्यात दिसतं ते धरायचं नाही ना?"

"नाही. पण तीच आहे याची खात्री कर," बाबा म्हणाले. "हलेपर्यंत बघ."